ल्वूवचे प्राध्यापक आणि कोकणचे तहनामे

पावस हे गाव महाराष्ट्राला स्वामी स्वरूपानंदांमुळे ठाऊक आहे. १९७४ साली स्वामींनी देह ठेवला, तेव्हापासून समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ कधी थांबलेली नाही. मात्र तेथून दक्षिणेस काही मैलांवर, मुचकुंदी नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या पूर्णगडापर्यंत फार थोडे यात्रेकरू जातात. गड म्हणावा इतका तो मोठा नाही. पण तटावर उभे राहिले की खाली खाडी, समोर अथांग समुद्र आणि मधून जाणारी मचव्यांची वाट असा सारा पसारा नजरेच्या एका टप्प्यात येतो. काही वर्षांपूर्वी पावसला एका स्नेह्यांकडे मुक्काम असताना मी त्या तटावर गेलो होतो. माझे यजमान निवृत्त शिक्षक. इतिहासाचे वेड असलेले, आणि थट्टेखोर. समुद्राकडे हात करून ते म्हणाले, "काय हो, हा समुद्र नेमका कोणाचा होता? तुम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक. पोर्तुगीजांची बाजू तुम्हांलाच ठाऊक असायची!"

थट्टा जुनीच. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेत, कचेरीत, कधी आगगाडीच्या डब्यात ऐकलेली असते. मी हसून वेळ मारून नेली; पण प्रश्न मात्र मनात राहिला. या किनाऱ्यावर पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, डच, सिद्दी हे सारे तीनशे वर्षे एकमेकांशी लढले आणि तहही करत राहिले. ते तह करताना हे लोक एकमेकांना काय समजत होते? बरोबरीचे राजे? की एक कायदा जाणणारा आणि दुसरा कायद्याबाहेरचा? हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्याची पंचवीस वर्षे धरून ठेवला, तो कोकणी नव्हता, मराठी नव्हता, जन्माने भारतीयही नव्हता. त्याचे नाव चार्ल्स हेन्री आलेक्झांड्रोविच.

आलेक्झांड्रोविच यांचा जन्म १९०२ साली ल्वूव येथे झाला. त्या वेळी हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि जर्मन भाषेत त्याला लेम्बर्ग म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेले. १९३९ साली सोव्हिएत सैन्य आले, १९४१ साली जर्मन, १९४४ साली पुन्हा सोव्हिएत. आणि आज ते ल्विव्ह या नावाने युक्रेनमध्ये आहे. घर न बदलता माणसाचे राज्य पाच वेळा बदलावे, असे ते शहर. आपल्या वाचकांना कुतूहल वाटेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान या एका शहरात तीन कॅथोलिक महाधर्मप्रांतांची पीठे होती: लॅटिन उपासनाविधीचे, ग्रीक विधीचे आणि आर्मेनियन विधीचे. तिघेही रोमशी एकनिष्ठ, पण प्रत्येकाची भाषा, दिनदर्शिका आणि परंपरा निराळी. एक श्रद्धा म्हणजे एकच रीत नव्हे, हे त्या शहरातल्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नसे.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात ल्वूवचे नाव वारंवार येते. पुढे हेगच्या न्यायालयात न्यायाधीश झालेले हर्श लाउटरपाख्त आणि 'वंशसंहार' या गुन्ह्याला नाव देणारे राफाएल लेम्किन हे दोघेही तेथल्याच विद्यापीठात शिकले. राज्ये पत्त्यांसारखी कोसळताना पाहिलेल्या माणसांना राज्यांच्या वर काहीतरी कायदा असावा असे वाटले, यात नवल काय?

आलेक्झांड्रोविच यांचे शिक्षण व्हिएन्ना व क्राकूव येथे झाले. दुसऱ्या महायुद्धाने त्यांना इंग्लंडला आणले, आणि युद्धानंतरच्या पोलंडमध्ये परतण्याची वाट राहिली नाही. १९५१ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते मद्रास विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक म्हणून आले. भारताची राज्यघटना तेव्हा एक-दीड वर्षाची होती. दहा वर्षे ते मद्रासला राहिले. आंतरराष्ट्रीय घडामोडींचे एक वार्षिक त्यांनी तेथून १९५२ पासून प्रसिद्ध केले, भारतीय घटनेच्या वाटचालीवर १९५७ साली ग्रंथ लिहिला, विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. एवढेच केले असते तरी ते एक कर्तबगार परदेशी प्राध्यापक म्हणून स्मरणात राहिले असते.

पण मद्रासला त्यांना एक गोष्ट खटकली. युरोपातील प्रमाण पाठ्यपुस्तकांत राष्ट्रांच्या कायद्याचा इतिहास युरोपात सुरू होई आणि युरोपातच संपे. आशियातील देश त्यात येत ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जणू काही बाहेर ताटकळत उभे असलेले पाहुणे आत घ्यावेत तसे. याउलट सतराव्या-अठराव्या शतकांतील तहांचे संग्रह उघडले की चित्र वेगळेच दिसे. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच यांनी कालिकतच्या सामुद्रीशी, कँडीच्या राजाशी, मोगलांशी, मराठ्यांशी शेकडो करार केले होते. वकील पाठवले व घेतले होते, युद्ध पुकारले होते, शांतता केली होती. ज्याला राज्यच मानत नाही त्याच्याशी कोणी तह करतो काय?

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले कायदेपंडित राष्ट्रांचा कायदा निसर्गदत्त मानत. माणसाच्या बुद्धीला जो न्याय आपोआप पटतो, तो सर्व माणसांना सारखाच लागू. राजा ख्रिस्ती आहे, मुसलमान आहे की हिंदू, याने फरक पडत नाही. एकोणिसाव्या शतकात हा विचार मागे पडला. कायदा म्हणजे 'सुसंस्कृत' राष्ट्रांनी आपसांत मान्य केलेले नियम, असे म्हणणारे पंडित पुढे आले, आणि 'सुसंस्कृत' कोण हेही त्यांनीच ठरवले. राष्ट्रांचे कुटुंब त्यामुळे मोठे होण्याऐवजी लहान झाले. जे घरातले होते त्यांना बाहेर काढून दाराला कडी लावली गेली.

या विचाराची मुळे आपल्या परिचयाच्या परंपरेत आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. सालामांका विद्यापीठातील डॉमिनिकन प्राध्यापक फ्रान्सिस्को द व्हितोरिया यांनी १५३९ साली आपल्या व्याख्यानांत स्पष्ट मांडले की, अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांचा आपल्या भूमीवरील हक्क नाहीसा होत नाही, आणि पोपमहोदय साऱ्या जगाचे ऐहिक स्वामी नाहीत. त्याआधी दोन वर्षे पोप पॉल तिसरे यांनीही त्या लोकांना स्वातंत्र्य व मालमत्ता यांपासून वंचित करता येणार नाही, असे जाहीर केले होते. स्पॅनिश शिपायांनी यातले किती ऐकले हा भाग वेगळा, आणि तो दुःखाचा आहे.

आपल्या किनाऱ्याशी याचा संबंध आला तो समुद्रावरून. हॉलंडच्या ह्यूगो ग्रोशियस यांनी १६०९ साली 'मुक्त समुद्र' ही प्रसिद्ध पुस्तिका काढली. पूर्वेकडील समुद्रावर पोर्तुगीजांना मालकी सांगता येत नाही, असा तिचा रोख. तिला उत्तर दिले ते सेराफिम द फ्रेइतास या पोर्तुगीज मठवासी धर्मगुरूंनी. व्हायादोलिद येथे ते प्राध्यापक होते आणि त्यांचा ग्रंथ १६२५ साली निघाला. आलेक्झांड्रोविच यांनी १९५९ साली या दोघांची तुलना करणारा निबंध लिहिला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की, एक प्रॉटेस्टंट आणि एक कॅथोलिक, एक डच आणि एक पोर्तुगीज, एकमेकांचे कट्टर विरोधक; पण हिंदुस्थानातील राजे हे आपापल्या मुलखाचे खरे राजे आहेत, हे दोघेही धरून चालतात. भांडण आहे ते त्यापुढचे.

पोथीतले हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरत होते? उदाहरण आमच्याच किनाऱ्याचे घेऊ. पावसहून राजापूर फार लांब नाही. तेथे इंग्रजांची वखार होती. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, शिवाजी महाराज आत अडकले, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दीला दारूगोळा पुरवला आणि त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन स्वतः तेथे गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर हा तटस्थतेचा उघड भंग. व्यापारी म्हणून मुलखात राहायचे आणि लढणाऱ्या दोघांपैकी एका पक्षाला तोफा द्यायच्या, हे चालणार नव्हते. १६६१ साली महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली, इंग्रजांना कैद केले.

पुढे इंग्रज नुकसानभरपाई मागत राहिले. तेरा वर्षे पत्रे, वकील, बोलणी, पुन्हा पत्रे. अखेर जून १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळीच, हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. दुभाषी होता नारायण शेणवी. ऑक्झिंडनने मांडलेल्या कलमांतील बहुतेक मान्य झाली. राजापूरची भरपाई ठरली. पण दोन कलमांवर गाडे अडले. पहिले, इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचे उत्तर असे की, कोणाच्याही नाण्याला मी मनाई करत नाही, आणि लोकांना तोटा होईल असे नाणे घ्या म्हणून सक्तीही करणार नाही. मग कलम कशाला?

दुसरे कलम मोठे मार्मिक आहे. वादळात सापडून किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची जहाजे व त्यांतला माल परत मिळावा, अशी मागणी होती. महाराजांनी ती नाकारली. कोकणच्या रिवाजाला हे धरून नाही, असे कारण दिले. शिवाय तुम्हांला ही सवलत दिली की फ्रेंच मागणार, डच मागणार, साऱ्यांनाच द्यावी लागेल.

या उत्तरात केवढे शहाणपण आहे पाहा. 'कोकणचा रिवाज' हे शब्द वापरणारा राजा परक्या वकिलाला सांगत होता की, या किनाऱ्याला स्वतःचा कायदा आहे. तुमचा कायदा आम्ही मोडत नाही, पण आमचाही तुमच्यासाठी बदलणार नाही. आणि दुसरे कारण तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात शिकवावे असे आहे. एकाला दिलेली सवलत ही बरोबरीच्या इतरांनाही द्यावी लागते, ही व्यापारी तहांतील आजची नेहमीची अडचण महाराजांनी आधीच ओळखली होती. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला कायद्याबाहेरचा समजत नव्हता. घासाघीस होती ती दोन पक्षांची. आलेक्झांड्रोविच जे सांगत होते ते हेच.

पण येथे मला थोडे थांबावेसे वाटते. प्राध्यापकमहाशयांच्या चित्रात रंग जरा अधिक उजळ पडले आहेत, असे त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि कोकणात उभे राहून पाहणाऱ्याला ते पटते. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' घ्या. त्यांच्या कचेरीचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात निघालेले जहाज ते पकडत, माल जप्त करत. परवान्यात कोठे जायचे, काय न्यायचे, कोणते बंदर टाळायचे हे लिहिलेले असे. दाभोळ बंदराची त्यांनी १५०८ साली केलेली जाळपोळ प्रसिद्धच आहे. त्या किनाऱ्यावरच्या नाखव्याला, मग तो हिंदू असो वा मुसलमान, ही बरोबरी वाटली असेल काय? तोफेच्या तोंडासमोर झालेली सही हीदेखील सहीच, असे कायदा म्हणेल. इतिहासाने तोफही पाहिली पाहिजे. आणि आपणही, ज्यांच्या पूर्वजांना श्रद्धेचे दान त्याच गलबतांतून आलेल्या धर्मगुरूंकडून मिळाले, तोफेकडे पाठ करता कामा नये.

मात्र दुसरी बाजूही तेवढीच खरी. कान्होजी आंग्र्यांनी पुढे तोच डाव उलटवला. या समुद्रात फिरायचे तर आमचे दस्तक घ्या, असे त्यांनी इंग्रजांसह साऱ्यांना बजावले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. परवाना पोर्तुगीजांनी दिला तर तो अधिकार आणि आंग्र्यांनी दिला तर ती चाचेगिरी, हा न्याय कुठला? माझ्या यजमानांच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर येथे मिळते. समुद्र कोणाचाच नव्हता. म्हणूनच प्रत्येकजण परवाने छापत होता!

आता वसई. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. दोन्ही बाजूंची अपार हानी झाली होती. तरी शेवट कत्तलीने झाला नाही, तो लेखी कलमांनी झाला. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजत-गाजत बाहेर पडू द्यावे. ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांना चीजवस्तूंसह जाऊ द्यावे. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता यावी. शेवटचे कलम पुन्हा वाचावे. जे मागे राहिले ते आपले पूर्वज. युरोपीय मठवासी निघून गेले, किल्ल्यातील भव्य मंदिरे ओस पडली, पण गावागावांतील उपासना थांबली नाही; देशी धर्मगुरूंनी ती चालू ठेवली. पुढच्या काळात त्रास झालाच नाही असे नव्हे. पण आपले येथे राहणे हे कोण्या परक्या सत्तेच्या कृपेवर टिकलेले नाही, मराठ्यांनी युद्ध जिंकल्यानंतर दिलेल्या आणि पोर्तुगीजांनी हरल्यानंतर मागून घेतलेल्या शब्दावर ते टिकले. आपल्यातल्या किती मुलांना हे ठाऊक असते? शाळेच्या पुस्तकात विजयाचे वर्णन असते, कलमांचे नसते.

यानंतर चाळीस वर्षांनी झालेल्या एका तहाची कथा थेट हेगच्या न्यायालयापर्यंत पोहोचली. १७७९ साली पुणे दरबार इंग्रजांशी झुंजत होता आणि पोर्तुगीज त्यांच्या बाजूला जाऊ नयेत ही नाना फडणीसांची निकड होती. मराठी आरमाराने पूर्वी पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईचा वादही पडून होता. तहात ठरले की, दमणलगतच्या मुलखातील बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यावीत. १७८३ व १७८५ सालच्या सनदांनी ती गावे त्यांच्याकडे गेली. तीच दादरा व नगर हवेली. बोलणी करणारे पोर्तुगीजांचे पुण्यातील वकील होते नारायण शेणवी धुमे. रायगडावर इंग्रजांचा एक नारायण शेणवी, पुण्यात पोर्तुगीजांचा दुसरा! गोव्याचे पुराभिलेखतज्ज्ञ पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली पोर्तुगीजांच्या अशा हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी प्रतिनिधींवर एक आख्खा ग्रंथ लिहिला आहे. राष्ट्रांचा कायदा या किनाऱ्यावर प्रत्यक्ष चालवला तो अशा माणसांनी.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक आणि फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील गोवेकरांची आघाडी असे निरनिराळे गट त्यात होते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यापैकीच एक. भारत सरकारने पोर्तुगीज सैन्याला दमणहून तिकडे जाऊ दिले नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखलही केला. आठ दिवसांत तीन पावले! आमच्या गावांना जाण्यासाठी भारताच्या भूमीवरून वाट मिळणे हा आमचा हक्क आहे, असा तो दावा.

खटल्यात प्राध्यापकांची दाटी होती. पोर्तुगालतर्फे मोरिस बुर्कँ, भारतातर्फे पॉल गुगेनहाइम, दोघेही जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे. भारताच्या बाजूला ऑक्सफर्डचे हम्फ्री वॉल्डॉक आणि ब्रुसेल्सचे आंरी रोलँ हेही होते, आणि ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला हे भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून पीठावर बसले. आणि या दिग्गजांनी फ्रेंच व इंग्रजीत कशावर काथ्याकूट केला? 'जहागीर' आणि 'सरंजाम' या आपल्या दोन शब्दांवर. जहागीर म्हणजे मुलूख दिला, की मुलखाचा वसूल दिला?

येथे एक गंमत झाली. पोर्तुगाल म्हणत होता की, १७७९ सालचा मराठ्यांचा तह पूर्णपणे वैध आहे आणि त्याने गावांचे सार्वभौमत्व आम्हांला मिळाले. भारताचे म्हणणे, तह विधिवत पुराच झाला नव्हता, आणि झाला असला तरी दिला तो फक्त वसूल. म्हणजे मराठी राज्याच्या सहीची किंमत वाढवून सांगत होता लिस्बन, आणि घटवून सांगत होती दिल्ली! दाव्याची गरज माणसाला कुठे नेऊन ठेवील सांगता येत नाही.

न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस, हिंदुस्थानातल्या त्या वेळच्या परिस्थितीत झालेला तह नंतर रूढ झालेल्या पद्धतींच्या मापाने मोजू नये. मराठे स्वतः तो बंधनकारक मानत होते आणि त्यांनी तो पाळला, असे न्यायालय म्हणाले. पण सनदांत सार्वभौमत्व देण्याचे शब्द नाहीत, दिला तो वसूलच. पुढे इंग्रज आले, त्यांनी गावांत पोर्तुगीजांचा अंमल पाहिला व तो चालू दिला. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व तेथून मानले गेले. वाटेबाबत निवाडा असा: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना वाट होती, अकरा विरुद्ध चार मतांनी; सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हती, आठ विरुद्ध सात; आणि भारताने १९५४ साली वाट रोखली यात कर्तव्यभंग नव्हता, नऊ विरुद्ध सहा. छागलांनी वाटेचा हक्कच अमान्य केला.

योग असा की, त्याच १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीत, म्हणजे त्याच शांतिप्रासादाच्या आवारात, आलेक्झांड्रोविच यांची व्याख्यानमाला होती. विषय: सतराव्या व अठराव्या शतकांतील युरोपीय व दक्षिण आशियाई सत्तांमधील तह आणि राजनैतिक संबंध. न्यायालयाने एका तहाविषयी जे म्हटले होते, ते शेकडो तहांविषयी सांगणारा मद्रासचा प्राध्यापक तेथे उभा होता.

रत्नागिरीकरांना त्यांच्या सिद्धान्ताची काळी बाजू समजावून सांगण्याची गरज नाही. थिबा राजवाडा त्यांच्या गावातच आहे. ब्रह्मदेशाच्या या राजघराण्याने फ्रान्स, इटली आणि खुद्द इंग्लंडशी तह केले होते. तरी १ जानेवारी १८८६ रोजी एका जाहीरनाम्याने ते राज्य इंग्रजांच्या साम्राज्यात विलीन झाले आणि राजा थिबाला त्याच वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. तीस वर्षांनी, १९१६ साली, तो येथेच वारला. राष्ट्रांच्या घरातून माणसाला बाहेर काढतात ते कसे, हे रत्नागिरीच्या टेकडीवर विटा-चुन्यात लिहिलेले आहे.

१९६१ साली आलेक्झांड्रोविच मद्रास सोडून सिडनी विद्यापीठात गेले. ईस्ट इंडीजमधील राष्ट्रांच्या कायद्याच्या इतिहासावरील त्यांचा मुख्य ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात कौटिल्याच्या तत्त्वांवर त्यांनी निबंध लिहिला, शेवटी आफ्रिकेतील तहांकडे वळले. १९६९ सालचा त्यांचा एक लेख मला फार जवळचा वाटतो. वसाहतवादातून सुटलेले देश 'नवी राज्ये' आहेत काय, असा त्यात प्रश्न आहे. त्यांचे उत्तर: सारेच नव्हेत. ज्या देशांना पूर्वी स्वतःचे सार्वभौमत्व होते आणि जगाने ते तहांनी मानले होते, ते जन्मलेले नाहीत, परत आलेले आहेत. १७९५ साली नकाशावरून पुसला गेलेला आणि १९१८ साली पुन्हा उमटलेला देश ज्याने सोळाव्या वर्षी पाहिला, त्या माणसाला हे सुचावे हे स्वाभाविक वाटते. १९७५ साली ते निवर्तले. बराच काळ त्यांचे लेखन ग्रंथालयांच्या कोपऱ्यात पडून होते; दिल्लीचे आर. पी. आनंद यांच्यासारखे थोडे अभ्यासक त्यांची वाट पुढे नेत राहिले. २०१७ साली डेव्हिड आर्मिटेज व जेनिफर पिट्स यांनी त्यांचे निबंध एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यांच्यावरची चर्चा नव्याने सुरू झाली आहे.

दादरा-नगर हवेलीचा शेवटही सांगून टाकतो. निकालानंतर तो मुलूख भारतात सामील करायचा, तर तेथल्या वतीने करारावर सही कोण करणार? भारत सरकारने के. जी. बडलानी या सनदी अधिकाऱ्याला त्या मुलखाचे 'पंतप्रधान' केले, आणि त्या नात्याने त्यांनी भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही केली. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरण पुरे झाले. मुलूख कितीही लहान असो, तहाला दोन सह्या लागतात.

पावसहून परतल्यावर हे सारे मी माझ्या यजमानांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आठवड्याने आले. वसईच्या कलमांविषयी त्यांनी लिहिले होते की, चाळीस वर्षे इतिहास शिकवला, पण चिमाजी आप्पांचा विजय शिकवून धडा संपवत आलो. पुढच्या ओळी मुलांना सांगायच्या राहिल्या, आणि तुमची थट्टाही त्याच घाईतून झाली. खाली ताजा कलम जोडून विचारले होते: "ते फुटलेल्या जहाजाच्या मालाचे तेवढे नीट कळले नाही. रिवाजाप्रमाणे तो राजाचा, की ज्याच्या वाडीसमोर लागला त्याचा? पुन्हा याल तेव्हा पूर्णगडावर बसून बोलू."